ओढ्याच्या तोंडाशी रुतलेली गाडी

मागची दोन्ही चाकं आसापर्यंत वाळूत गेली, तेव्हा डर्मटने इंजिन बंद केलं आणि रोझलिनकडे असं पाहिलं, जणू गाडी तीच चालवत होती.

"मघाशी तू बोलायला लागलीस," तो म्हणाला. "माझं लक्ष उडालं."

ती फक्त "पाणी देऊ का?" एवढंच म्हणाली होती. ती दार उघडून खाली उतरली.

दोघांनी टायरमधली हवा आणखी सोडली, चाकांखाली फळ्या सरकवल्या, फावड्याने वाळू उपसली. गाडी हलायच्या ऐवजी अजून खाली बसली. ओढा समुद्राला मिळतो तिथली वाळू वरून घट्ट दिसते आणि आतून नुसती लापशी असते. पाणी चाळीस पावलांवर होतं, आणि भरती लागली होती.

फोनला रेंज नव्हती. दोन्ही फोन डर्मटच्या खिशात होते. तिच्याकडे दिला तर ती हरवते, असं त्याचं म्हणणं.

"माझा गुडघा एवढं चालायचा नाही," तो म्हणाला. "तुलाच जावं लागेल. दक्षिणेला तासाभराच्या वाटेवर किनाऱ्याच्या वाळूवरच विमानं उतरतात, तिथे कोणीतरी भेटेल. जमेल ना तेवढं?"

"जमेल."

"काठी घे. डिंगो दिसला तर पळू नकोस. आणि कुणाशी गप्पा मारत बसू नकोस, रोझ. उशीर केलास तर गाडी गेली समज."

बेटावर येऊन पाच दिवस झाले होते. डिंगोंमुळे, म्हणजे तिथल्या रानटी कुत्र्यांमुळे, एकट्याने फिरू नये, ही वनरक्षकांची सूचना डर्मटने इतकी मनावर घेतली होती की तंबूपासून संडासापर्यंतही तो सोबत यायचा आणि बाहेर घड्याळ बघत उभा राहायचा. ब्रिस्बेनला घरीही फार वेगळं नव्हतं. तिथे डिंगो नव्हते, एवढंच.

ती ओल्या वाळूवरून झपाझप निघाली. दोनदा मागे वळून पाहिलं. पहिल्यांदा तो दोन्ही हातांनी "चल, चल" करत होता. दुसऱ्यांदा गाडीच तेवढी दिसली, काडेपेटीएवढी. एक लाट तिच्या बुटांवरून गेली आणि रोझलिन धावायला लागली. अठ्ठावन्नाव्या वर्षी, हातात काठी घेऊन, धाप लागेपर्यंत.

किनाऱ्यावर एक छोटं विमान उभं होतं. पंखाच्या सावलीत बसून वैमानिक बाई सँडविच खात होती. शर्टावर नाव होतं, टेगन.

"अहो, सावकाश," ती म्हणाली. "डिंगो लागलाय की काय मागे?"

"गाडी रुतलीय. उत्तरेला, ओढ्याच्या तोंडाशी. माणूस आहे तिथे."

टेगनने सँडविच बाजूला ठेवलं आणि रेडिओ उचलला. वनरक्षकांची गाडी त्या बाजूलाच होती, ती लगेच निघाली.

"जखमी वगैरे नाहीत ना ते?"

"नाही. गुडघा दुखतो फक्त. वनरक्षकांना सांगा, पाण्याचा कॅन मागच्या सीटखाली आहे. त्याला सापडायचा नाही."

टेगनने तेही सांगितलं. मग घड्याळ पाहिलं. "भरतीने वाळू बुडायच्या आत मला उडायला हवं. बेटाबाहेर, पलीकडे हर्वी बेला रिकामीच चाललेय. बसा, वरून नेमकी जागा दाखवा. तेवढाच त्यांचा शोधायचा वेळ वाचेल."

रोझलिन बसली. टेगनने तिचा पट्टा लावून दिला.

वरून गाडी पटकन दिसली. लाटा दारांना लागल्या होत्या. डर्मट वर वाळूच्या टेकाडावर धडधाकट उभा होता आणि पलीकडून वनरक्षकांची गाडी येत होती.

"पोचले बघा," टेगन म्हणाली. "गाडीचं काही खरं नाही, पण ते सुखरूप आहेत. ओढ्याच्या अलीकडे अजून उतरण्यापुरती वाळू आहे. सोडू का तुम्हाला?"

विमान एक घिरटी मारून खाली आलं. डर्मटने वर पाहिलं. काचेमागे कोण आहे ते त्याला कळलं असावं. बोटाने तो पायांपुढची वाळू दाखवू लागला: इथे, इथे.

"नको," रोझलिन म्हणाली. "हर्वी बेलाच चला."

टेगनने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "तुमचे मिस्टर ना ते?"

"सकाळपर्यंत होते."