डावखोरा राजा

१९३८ सालच्या माघात, अंगणात मिरची पसरता पसरता रतिलाल बायकोला म्हणाला, "राजा डावखोरा शे. भरी पंगतमा डावा हातनी जेवस. एवढा मोठा राजा, पण त्याले मायनी काही शिकाडं नही."

अनुसया पदर तोंडाला लावून हसली.

तापीकाठच्या त्या गुजरांच्या गावातली एकही बाई तोवर सिनेमाला गेली नव्हती. रतिलाल मात्र दर मंगळवारी मिरचीची गाडी घेऊन नंदुरबारला जाई. तिथे स्टेशनामागे तंबूत खेळ असे. रात्री मुक्काम करून तो बुधवारी परते, आधी बैल सोडी आणि मग गोष्ट सांगे. मारामारीचे खेळ दोन शब्दांत उरकी. "घोडा बरा व्हता, बाकी भुसा." देवाधर्माच्या खेळाला म्हणे, "गाणा नऊ, त्यामा सहा फुकट." पण घरसंसाराचा खेळ असला की तो वेगळाच होई. नटी भाकरी थापत होती, पण परातीत पीठच नव्हतं. लेकरू उचललं तर त्याची मान धरली नाही, म्हणजे हिनं जन्मात लेकरू घेतलेलं नाही. असलं बारीक तो बोले.

दुसऱ्या दिवशी अनुसया ते सगळं तापीवर सांगे. बायका धुणं थांबवून ऐकत. डाव्या हातानं खाणाऱ्या पोराला "राजा व्हयना का रे?" म्हणायची गावात रीतच पडली.

"तुन्हा घरना माणूस चांगला शे," शेजारची दगूबाई म्हणायची. "आमना त्ये बाजारमाईन येतस आन झोपतस."

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. एरवी रतिलाल तिच्याशी मिठापाण्यापुरतं बोले. बुधवारची ती घटका हाच तिचा संसार होता.

एकदा त्यानं दोन बायकांचा खेळ सांगितला. त्यात शेवटी दुसरी नदीत जीव देते आणि पहिलीचं घर सुखी होतं.

"माले पटनं नही," तो म्हणाला. "दुसरी मरनी म्हणीसन पहिलीले काय भेटणार? तिले आधी तरी काय भेटेल व्हतं?"

अनुसया चुलीपुढे जाऊन रडली. धुराचं निमित्त होतंच. बाईचं दुःख आपल्या माणसाला इतकं कळतं, हे तिला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तिनं त्याच्या ताटात तूप जरा जास्तच वाढलं.

पुढच्या वर्षी नंदुरबारला नात्यातलं लग्न निघालं, आणि नेमका राजाचा खेळ पुन्हा आला. वीस वर्षांचा धाकटा दीर चुनीलाल हट्टानं अनुसयाला आणि सासू सिंधुबाईला तंबूत घेऊन गेला. रतिलाल बैलांजवळ थांबला. "मन्हा देखेल शे," म्हणाला.

तंबूच्या मधोमध पडदा होता. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. पाणी मारून ओल्या केलेल्या कापडातून चित्र मागच्या बाजूलाही उमटत होतं. अनुसयाला त्यात वावगं वाटलं नाही. बायांची जागा मागेच असते. राजा पंगतीला बसला आणि त्यानं डावा हात ताटात घातला, तेव्हा तिनं सासूचा हात दाबला. आपला माणूस खरं बोलला होता.

सकाळी गाडी गावाकडे निघाली. रतिलाल हाकत होता. अनुसया दिराला म्हणाली, "चुनीभाऊ, तुमना भाऊ बरोबर सांगत व्हतात. राजा डावखोराच शे."

चुनीलाल हसला. "वहिनी, तुम्ही पडदाना मांगे बठेल व्हत्यात. तठेन समदं उलटं दिखस. आम्ही पुढे व्हतूत. राजा उजवा हातनीच जेवस."

गाडी चालत राहिली. अनुसयाच्या समोर नवऱ्याची पाठ होती. तो वळला नाही. पुढे बसणाऱ्या पुरुषाला तो राजा कधी डावखोरा दिसलाच नसता. म्हणजे रतिलाल तंबूत गेलाच नव्हता. जिनं कुणी तो खेळ पाहून त्याला सांगितला, ती बायांच्या बाजूला बसली होती.

"चुनी, तू उगा ऱ्हाय," सिंधुबाई म्हणाली. मग सुनेकडे न बघता म्हणाली, "पदर घे डोकावर. ऊन शे."

उन्हाला अजून वेळ होता. अनुसयानं पदर घेतला.

बुधवारच्या गोष्टी बंद झाल्या. तिनं विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. मंगळवार मात्र चालू राहिले. तापीवर तिनं सांगितलं की तंबू उठला. दोन वर्षांनी तिला त्या बाईचं नाव कळलं. नंदुरबारला मिरचीच्या खळ्यावर देठं खुडणारी कौसाबाई. तेही दगूबाईनं सांगितलं, आणि दगूबाईला ते पहिल्यापासून ठाऊक होतं.

सिंधुबाई बेचाळीस साली गेली. चुनीलाल रेल्वेत लागला, त्यानं सुरतेला बिऱ्हाड केलं. आपण त्या सकाळी काय बोलून गेलो, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. रतिलाल सेहेचाळीसच्या पावसाळ्यात तापानं गेला. त्या दिवशी कौसाबाई गावाच्या वेशीपर्यंत आली आणि तिथूनच परत फिरली. पुढे ती खळ्यावर कोणाला दिसली नाही. अनुसया पुष्कळ जगली. नंदुरबारला पक्कं थिएटर झालं, बाया-पुरुष एकाच बाजूनं बघू लागले. नाती बोलवायच्या, ती गेली नाही.

चुलीपुढे बसली की तिला ते जुनं बोलणं आठवे. तिले आधी तरी काय भेटेल व्हतं? ते रतिलालचं नव्हतंच. उभ्या जन्मात अनुसयाची कीव एकाच माणसाला आली होती, आणि ती कौसाबाई होती.