चौथा सामना

सलग तीन सामने हरल्यावर कोल्हापूरच्या एका फुटबॉल क्लबची बातमी पेपरात आली: प्रशिक्षक इंगवले यांची हकालपट्टी होणार, कर्णधार सरनोबत गोव्याच्या संघात जाणार. चौथ्या सामन्याआधी ड्रेसिंग रूममध्ये कुणी कुणाकडं बघेना.

इंगवले सरांनी बातमी मोठ्यानं वाचली. "सरनोबत, जाणार हाईस व्हय?"

"न्हाई सर, आईशप्पत. आणि तुम्ही?"

"मला तर कोण काय बोललं नाही. चला, बूट बांधा."

पोरं हसली आणि मोकळी खेळली. ऐंशीव्या मिनिटाला सरनोबतनं हेडरवर गोल मारला आणि सामना जिंकला.

क्लबचे अध्यक्ष मैदानात आले. "सर, काल तुम्हाला काढायचा ठराव झालेला. तो फाडून टाकतो."

"माहीत होतं, साहेब. बातमी खरी आहे हे पोरांना कळू दिलं नाही," सर म्हणाले आणि उद्याच्या सरावाची वेळ सांगायला निघाले.