आर्डिसबाईंची चेटकीण

दर रविवारी दुपारी चर्चच्या तळघरात आम्ही चार-पाच म्हातारे फासे टाकून गोष्टीचा खेळ खेळतो. प्रत्येक जण एक पात्र घेतो आणि गोष्ट मी सांगतो, जमेल तशी. या रविवारी आर्डिसबाईंना दुष्ट चेटकीण व्हायचं होतं. “सत्त्याहत्तर वर्षं शहाण्यासारखी वागले, आता एक गाव तरी जाळू द्या!”

पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. “चर्चमध्ये दुष्टपणा? मीच पुण्यवान सरदार होऊन खेळायला बसतो. गोष्टीत एक जरी निरपराध माणूस मेला, तर उद्यापासून तळघराला कुलूप!” विस्कॉन्सिनच्या थंडीत घराबाहेर पडायला मला या खेळाखेरीज दुसरं निमित्त नाही.

खेळ सुरू झाला. आर्डिसबाईंची चेटकीण गावाच्या वेशीपाशी पोचली आणि अडखळली. “अहो, लोकांच्या घरी रिकाम्या हाताने कसं जायचं?” मग तिने बटाटे आणि चीज भाजून भला मोठा ट्रे भरून नेला. गावकऱ्यांनी तिला बसवून घेतलं, गप्पा रंगल्या, ती भांडी विसळू लागली आणि आग लावायचं राहूनच गेलं. माझा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात पाद्रीबाबा ताडकन उठले. “चेटकिणीच्या हातचं खाल्लं? म्हणजे अख्खं गाव तिला सामील!” आणि हल्ल्यासाठी त्यांनी फासे फेकले.

 

गाव बेचिराख झाल्यावर त्यांनी घाम पुसला, तळघराचं दार हळूच लोटून घेतलं आणि मला विचारलं, “पुढच्या रविवारी जरा लवकर बसायचं का?”