रामधनची सारंगी

बंजाऱ्यांचा भाट रामधन ढाडी लिंबाखाली बसून सारंगीच्या खुंट्या पिळू लागला, तरी शंकरसिंग नाईक कडब्याच्या गंजीमागून बाहेर येईना. अख्ख्या तांड्याला धाकात ठेवणारा माणूस, पण आज त्याचा पाय उचलत नव्हता.

त्याला एवढंच कळायला हवं होतं, की धाकटा भाऊ देवीलाल जिवंत आहे की नाही.

माघात आर्णीच्या बाजारातून खबर आली होती. एका पंजाबी सरदाराचा ट्रक घाटात उलटला, सोबतचा माणूस दगावला, तो बंजारा होता म्हणे. कोण, कुठला, हे कोणाला धड सांगता येईना. नाईक आर्णीला खेटे घालून थकला. रामधन मात्र तांड्यातांड्यांतून फिरायचा, त्याला सगळ्यांची बरीवाईट खबर असायची. दर होळीला येऊन तो घराण्यांची वंशावळ गायचा, आणि तिच्यात नाव यायचं ते गेलेल्या माणसाचंच. जित्या माणसाला तो गात नसे. गाण्याआधी कोणाच्या मरणाबद्दल त्याला विचारणं अशुभ. मुकाट्यानं ऐकायचं, अशी या तांड्याची रीत होती.

"नाव आलं तं घुगरी उतरवीन," बिजलीबाई सकाळीच म्हणाली होती. ती देवीलालची बायको. भासऱ्याशी ती पदराआडूनच बोलायची. तिच्या केसांतून लोंबणारी ती चांदीची घुगरी म्हणजे तिचं अहेवपण, आणि ते तिनं इतकी वर्षं एकटीनं सांभाळलं होतं.

"काहून असं बोलतं बाई? देवीलाल येईन," नाईक म्हणाला.

ते नाव त्याच्या तोंडून किती वर्षांनी निघालं. बिजलीबाईचा पदर हलला.

झालं होतं ते छप्पनच्या होळीला. तांड्याची बैलांवरची वाहतूक मोडून जमाना लोटला होता. आजे-पणजे गोण्या लादून पार पंजाबापर्यंत मीठ आणि धान्य पोचवायचे. नातवंडं आता पऱ्हाटी पेरत होती. देवीलालला मात्र रस्ता सोडवेना. तो एका सरदाराच्या ट्रकवर शिकाऊ म्हणून लागला. त्यात वावगं काही नव्हतं, हे नाईकाला आता कळतं. पण जाताना त्या पोरानं देवाला सोडलेल्या बैलाच्या गळ्यातली पितळी घंटा काढून ट्रकला बांधली, आणि वर हसून म्हणाला, "दादा, आता हाच आपला बैल."

होळीपुढे डफ वाजत होता, रामधनची सारंगी चालली होती. नाईकाचा आवाज चढला तसं दोन्ही थांबलं.

"चालता हो," नाईक म्हणाला. "याचं नाव ह्या तांड्यात पुन्हा कोणी घ्याचं नाही."

देवीलाल हसत हसतच ट्रकवर चढला. दादाचा राग म्हणजे घटकाभराचा, असं त्याला वाटलं असावं. राग उतरलाही, पण मोठेपणा आडवा आला. नाईकानं कधी निरोप धाडला नाही आणि देवीलालही फिरकला नाही. तांड्यानं नाईकाचा शब्द पाळला. पोरंसोरंसुद्धा त्याला ट्रकवाला काकाच म्हणायची. एवढ्याशा घंटेपायी आपण घरातलं माणूस घालवलं, हे नाईकाला रोज जेवताना आठवायचं.

सारंगी सुरू झाली. नाईक शेवटी येऊन बसला. बायकांच्या घोळक्यात बिजलीबाई दोन्ही हातांनी घुगरी धरून होती.

रामधननं मूळपुरुषापासून धरलं. मारवाडातून निघालेले बैल, पंजाबातल्या मंड्या, वऱ्हाडात पडलेला पहिला मुक्काम, एकेक पिढी मागे पडत गेली. पणजा झाला, आजा झाला. मग नाईकाच्या बापाचं, बळीरामचं नाव आलं. पुढे सारंगी एकाच सुरावर रेंगाळली. रामधननं डोळे मिटले, घसा खाकरला.

आणि तो शेजारच्या घराण्याकडे वळला.

नाईक लहान पोरासारखा रडला, सगळ्यांदेखत. त्याला लाज वाटली नाही. बिजलीबाईनं घुगरीवरचे हात सोडले आणि लेंगी गात नाचणाऱ्या बायकांच्या फेरात जाऊन उभी राहिली. कित्येक होळ्यांत ती नाचली नव्हती. नाईकानं बोकड कापला. रामधननं मात्र पानाला हात लावला नाही. पोट बरं नाही म्हणाला. म्हातारा झालाय, नाईकाला वाटलं, गातानाही दम पुरत नव्हता बिचाऱ्याला.

उन्हं कलायच्या आत रामधननं झोळी उचलली. "नाईक, जरा नाल्यापलीकडे चाला माह्यासंगं."

नाला ओलांडेपर्यंत नाईकच बोलत होता. "तुहे लई उपकार झाले रामधन. देवीलालचं नाव तू घेतलं नाही. आता मी स्वतः जातो. त्या सरदाराले हुडकतो, भावाचे पाय धरतो अन् त्याले घरी आणतो."

रामधन थांबला. त्यानं झोळीत हात घातला आणि एक वस्तू नाईकाच्या तळहातावर ठेवली. देवाच्या बैलाची घंटा होती ती. एका बाजूनं चेपलेली.

नाईकाचा चेहरा खुलला. "म्हंजे भेटला तो तुले. घंटा वापस धाडली त्यानं. माह्यावरचा राग गेला म्हना."

मागे तांड्यात लेंगी रंगात आली होती. इतक्या आवाजांत बिजलीबाईचा आवाज वेगळा ओळखू येत होता.

रामधननं मान खाली घातली.

"नाव गळ्यापर्यंत आलतं, नाईक," तो म्हणाला. "पण मेल्यावर तरी ते कसं घेऊ? ह्या तांड्यात त्याचं नाव पुन्हा कोणी घ्याचं नाही, असं त्या होळीले तुमीच बजावलं होतं."