मापाड्याची चादर

अंबाबाईच्या तांदळात भिका मापाड्याचा वाटा नव्हता. सांडण्यात होता. हंगामातला तो शेवटचा मोठा बाजार, म्हणजे त्या सकाळी पदरात पडण्यासारखं बरंच होतं. नाताळाला पुरेल एवढा तांदूळ. त्या दिवशी पाळकसाहेब पहिल्यांदाच त्याच्या घरी जेवणार, तो मान. आणि संध्याकाळच्या उपासनेत जुन्नरच्या ख्रिस्ती मंडळीचा वडील म्हणून पुढच्या बाकावर बसायला मिळणार, तो थोरपणा. पाळकसाहेब म्हणालेच होते, मंडळीसाठी घरोघरी मूठमूठ काढतात ते मुठीचं धान्य देण्यात भिकाएवढा सढळ हात मंडळीत कुणाचा नाही.

हात सढळ होता, यात वाद नाही.

महंमद हनीफच्या वखारीत रीत अशी, की माप चादरीवर ठेवायचं आणि चादर ज्याची, सांडणं त्याचं. भिका गोणीतून आधोलीचं माप भरायचा ते शिगोशीग. मग वरची शीग तळहाताने पुसायची. आत गोणीकडे पुसली तर तांदूळ विकणाऱ्याचा, बाहेर चादरीकडे पुसली तर मापाड्याचा. भिकाचा तळहात बाहेर वळायचा. प्लेगच्या सालात बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्याने दारू सोडली, तंबाखू सोडली, खंडोबाचा टाक नदीत सोडला. हे वळण तेवढं सुटलं नाही. दर रविवारी तो रडून माफी मागे आणि सांडण्यातला निम्मा तांदूळ मुठीच्या मडक्यात ओती. बाजाराच्या दिवशी तळहात पुन्हा वळे. "मोहापासून पळावं," पाळकसाहेब सांगत. भिका मनात म्हणे, पळेन की, पण पोट मापाशी बांधलंय त्याचं काय?

अंबाबाई तळेघरची. बैलाच्या पाठीवर गोणी टाकून डोंगरातून चालत आलेली. भिकाने चादर अंथरली. गोणीचं तोंड सोडण्याआधी बाईने ओटीतून एक पुरचुंडी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"हे आदी घ्या, मापाडीदादा."

"काय हाय?"

"तुमचं सांडणं. घरीच काढून आणलंय. आता तेवढं सरळ मापा. मागल्या साली लई गेलं. पोरास्नी चैतातच कंदमुळं उकडून घालावी लागली."

तिच्या आवाजात राग नव्हता.

"हे तुला कुनी शिकवलं?"

"त्यात शिकवायचं काय? आमच्या गावात समदेच काढत्यात. खळ्यावर पयला वाटा देवाचा, दुसरा वाघोबाचा, तिसरा मापाड्याचा. ज्याचं भ्या, त्याचा वाटा."

गादीवर टेकलेला हनीफशेठ खुदकन हसला. "घ्या. भिका, तू खंडोबा सोडलास, आणि तिकडं डोंगरात तुझाच नैवेद्य निघतोय."

भिका हसला नाही. इतकी वर्षं त्याला वाटत होतं, हे पाप त्याचं आणि प्रभूचं, दोघांतलं. रडलं की मिटलं. त्यापायी तिसरंच कुणी उपाशी राहतं, हे त्याला कुठल्या उपदेशाने सांगितलं नव्हतं. ते पुरचुंडीने सांगितलं. त्याने ती उचलून बाईच्या ओटीत परत घातली आणि मापाखालची चादर ओढून तिची घडी केली.

"तुजी घोंगडी अंथर, बाई."

"आज हिची घोंगडी," शेठ म्हणाला, "उद्या सगळेच आपापली आणतील. मग तू खाणार काय, माती?"

"हात ऐकत न्हाई, शेठ. लई रडून बघितलं. आता चादरच नगं."

अंबाबाईने घोंगडी अंथरली. पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. भिका "लाभ" म्हणाला आणि त्याचा तळहात सवयीने बाहेरच वळला. तांदूळ घोंगडीवर पडला. घोंगडी अंबाबाईची, म्हणून तांदूळही तिचा. तिने तो निवांत गोळा करून गोणीत टाकला. हात सुधारला नव्हता. त्याला मिळायचं तेवढं बंद झालं होतं.

नाताळाला पाळकसाहेबांच्या पानात नाचणीची भाकरी आणि घेवड्याचं कालवण पडलं. वाढणारी सखूबाई, भिकाची बायको. बाजारापासून ती नवऱ्याशी धड बोलली नव्हती. पण पाहुण्यापुढे तिने पदर सावरला आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "औंदा तांदूळ किडला, पाळकसाहेब."

"असू दे, सखूबाई. भाकरीही देवाचीच."

झाकलं गेलं होतं. भिकाने गप्प बसायचं, एवढंच काम उरलं होतं. संध्याकाळचं बाक त्याला डोळ्यांपुढे दिसत होतं. आणि चादर तर तो सोडून आला होता, मग राहिलं काय? राहिलं एवढंच, की त्याची लाज राखायला बायकोने नाताळाच्या दिवशी खोटं तोंडात घेतलं होतं. म्हणजे चादर घरी आली होती आणि आता ती सखूबाईने अंथरली होती.

"किडला न्हाई," भिका म्हणाला. "त्यो तांदूळ आपला कदी नव्हताच." आणि शीग, तळहात, पुरचुंडी, सगळं त्याने सांगून टाकलं.

सखूबाई चुलीकडे तोंड करून बसली. पाळकसाहेबांनी हातातला घास पानात ठेवला. त्यांनी विचारलं, "मग मुठीचा तांदूळ?"

"त्योबी."

"भिका, मुठीचा तांदूळ माझ्या घरी शिजतो."

"व्हय, पाळकसाहेब."

संध्याकाळी पुढच्या बाकावर दुसरा वडील बसला. भिका मागे चटईवर होता, आणि पहिल्यांदाच त्याला रडू आलं नाही. हिशेब सरळ होता. खाल्लं भिकाने, खाल्लं सखूबाईने, आणि देवाच्या नावाने खाल्लं पाळकसाहेबांनी. जुन्नरच्या मंडळीचा पाळक इतकी वर्षं पोसला तो तळेघरच्या, चैतात कंदमुळं खाणाऱ्या पोरांनी.