मशीन फुल्ल आहे

पुराचं पाणी कुठवर चढेल याचं गणित मांडणाऱ्या बाई वर्षभर सरकारी महासंगणक केंद्राचे उंबरठे झिजवत होत्या. दरवेळी तेच उत्तर, "मशीन फुल्ल आहे, मॅडम." गेल्या पुरात त्यांची आई कपाटावर चढून बसली म्हणून वाचली होती आणि आता पावसाळा पुन्हा तोंडावर आला होता. शेवटी त्या प्रमुखांच्या थंडगार केबिनमध्ये ठाण मांडून बसल्या.

"एवढं कोणाचं काम चाललंय, ते तरी कळू द्या!"

साहेबांनी बिस्कीट चहात बुडवलं. "कोणाचंच नाही हो. उगाच आकडेमोड करायची आणि उत्तर पुसून टाकायचं, एवढंच लावून दिलंय त्याला. मशीन रिकामं दिसलं, तर वरून पुढचं मशीन मंजूर होत नाही."

बाईंना शिसारी आली. "अहो, मग ते बंद करा आणि माझं काम लावा की!"

साहेब लहान मुलाची समजूत घालावी तसं हसले.



"तुमचं काम कधीतरी संपेल ना, मॅडम. हे संपत नाही."