बाबांचा पिकअप

ऋजुताने बाबांची इलेक्ट्रिक गिटार वाद्यं दुरुस्त करणाऱ्या रेहाना शिकलगारांच्या टेबलावर ठेवली. "यातला पिकअप काढून साधा बसवा."

तारांचा आवाज टिपणारा तो पिकअप बाबांची बोटं शिकला होता. ते गेल्यावरही, कुणीही वाजवलं तरी वाजवणं त्यांचंच ऐकू यायचं. ऋजुताला कार्यक्रम मिळत, टाळ्या मात्र बाबांना पडत.

"म्हणजे त्यांना काढूनच टाकायचं?" सोबत आलेल्या आईने विचारलं.

"आई, मला एकदा तरी माझं वाजवणं ऐकू दे."

आईने मान फिरवली, पण नाही म्हणाली नाही.

रेहानांनी साधा पिकअप बसवला. ऋजुता वाजवू लागली. सूर कच्चे निघाले, बोटं अडखळली. इतकी वर्षं त्या चुका झाकलेल्या होत्या. ती रडवेली होऊन थांबली.

"वाजव गं," आई डोळे पुसत म्हणाली. "तुला मी कधी ऐकलंच नाही."